न मोजलेल्या तेलाचा गौरव

समाजात सहमती उरली नाही, अशी तक्रार हल्ली वारंवार कानी येते. ती करणाऱ्यांनी आपल्या स्वयंपाकघरांकडे नीट पाहिलेले नसावे. तेल कोणते खावे, यावर मराठी घरांत हिरिरीने वाद होतात. सूर्यफूल की शेंगदाणा, रिफाइंड की लाकडी घाण्याचे, साजूक तूप की ऑलिव्ह, प्रत्येक बाजूला अभ्यासू वकील आहेत. मात्र किती खावे, हा प्रश्न कोणत्याही बाजूचा माणूस काढत नाही. पक्ष, पंथ, उत्पन्न आणि जिल्हा यांच्या भिंती ओलांडणारी एवढी भक्कम एकजूट सार्वजनिक जीवनात दुसरी सापडणार नाही. तिचा जाहीर गौरव व्हावा, एवढ्यासाठी हा लेख.

या एकजुटीचे बळ रक्ततपासणीचा अहवाल घरी आला की दिसते. एलडीएल, म्हणजे रक्तातले अपायकारक कोलेस्टेरॉल, वाढलेले असते. डॉक्टर सांगतात, तेल-तूप कमी करा. घरातली मंडळी त्याच संध्याकाळी दुकानात जातात आणि तेल बदलतात. कमी करण्यापेक्षा बदलणे कितीतरी समाजहिताचे आहे. दुकानदाराचा खप टिकतो, कंपनीला नवे गिऱ्हाईक मिळते, रुग्णाला उपचार सुरू झाल्याचे समाधान लाभते आणि फोडणी देणाऱ्या हाताला जन्माची सवय मोडण्याची तोशीस पडत नाही. उरलेला जुना कॅनही वाया जात नाही. तो तळणीसाठी बाजूला ठेवतात, कारण तळणीचे तेल कढईतच राहते, पोटात जात नाही, असा आपला दृढ विश्वास आहे.

वजनाच्या बाबतीत निसर्गाने तेलांमध्ये समता फार काटेकोर पाळली आहे. एक ग्रॅम पिठूळ पदार्थातून किंवा प्रथिनातून 4 कॅलरी मिळतात. एक ग्रॅम स्निग्धातून 9. हा 9 चा आकडा घाण्याच्या तेलालाही लागू आहे, रिफाइंडलाही, आणि दूरदेशाहून बाटलीतून आलेल्या ऑलिव्ह तेलालाही. चहाच्या चमच्यात मावणारे कोणतेही तेल अंगावर चाळीसएक कॅलरी घालते. बाटलीवर हृदयाचे चित्र आहे की घाण्याला जुंपलेल्या बैलाचे, याची शरीर चौकशी करत नाही. रोज तीन चमचे अधिक गेले की अर्ध्या तासाच्या चालण्याची कमाई संपते. सकाळी बागेत नियमाने फेऱ्या मारणारे नागरिक आणि दुपारी भाजीवर तरंगणारा तवंग यांच्यात त्यामुळे एक सुरेख समतोल साधला जातो. दोघांपैकी कोणीही हरत नाही आणि पोटाचा घेर आपल्या जागी सुरक्षित राहतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेला मात्र मोजमापाची आवड आहे. दिवसाला 2000 कॅलरी लागणाऱ्या प्रौढ माणसाला वरून घातलेले तेल-तूप 27 ते 30 ग्रॅमपर्यंत पुरे, असे तिचे मार्गदर्शन सांगते. म्हणजे साधारण सहा छोटे चमचे. भाजी, आमटीची फोडणी, पोळीला लावलेले तेल, वरणावरचे तूप, पावावरचे लोणी आणि बाहेर खाल्लेला वडा, सगळे या सहा चमच्यांत. चार प्रौढांच्या घराला महिन्याला सगळे मिळून साडेतीन किलोच्या आसपास पुरते. हा हिशेब इतका सोपा आहे की तो करायला दोन मिनिटे लागत नाहीत. म्हणूनच तो न करण्यात आपण दाखवलेली चिकाटी उल्लेखनीय ठरते. आपल्याकडे पाच लिटरचा कॅन आणतात, संपला की दुसरा आणतात, आणि दोन कॅनांच्या मध्ये किती दिवस गेले हे कोणी लिहून ठेवत नाही.

या परंपरेची जोपासना आपल्या पाककृतींनी मन लावून केली आहे. त्यांत मीठ चवीपुरते असते, हळद पाव चमचा असते, हिंग चिमूटभर असतो. तेल मात्र आवश्यकतेनुसार. मसाला कडेने तेल सुटेपर्यंत परतावा, असे सांगितले जाते, आणि सुटण्यासाठी ते आधी भरपूर असावे लागते, हे वाचकाच्या चाणाक्षपणावर सोडलेले असते. मिसळीवर लाल कट दिसला नाही तर खाणाऱ्याला फसवल्यासारखे वाटते. विदर्भात तर्रीवाचून रस्सा पुढे केला तर यजमानाच्या नियतीवरच शंका येते. पाहुण्याच्या पोळीवर तुपाची धार किती वेळ धरली, यावरून माया ठरते. ज्या समाजाने प्रेम, प्रतिष्ठा आणि पाहुणचार या तिन्ही गोष्टी एकाच पळीवर तोलल्या, त्याच्याकडून त्या पळीवर आकडे कोरण्याची अपेक्षा करणे उद्धटपणाचे होईल.

बाजारही या श्रद्धेला जपतो. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉलमुक्त' हे शब्द ठळक असतात, आणि ते शंभर टक्के खरे असतात. शेंगदाणा, सोयाबीन, करडई, पाम यांपैकी कोणत्याही तेलात दखल घेण्याजोगे कोलेस्टेरॉल कधीच नव्हते. ते प्राणिजन्य पदार्थांत असते. जे तेलात मुळातच नाही ते काढून टाकल्याचे श्रेय मिळवणे, ही व्यापारातली अतिशय प्रामाणिक कमाई आहे. रक्तातले एलडीएल वाढवण्यात खाल्लेल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा वाटा मोठा असतो. ती पाम तेलात निम्म्याच्या आसपास आणि खोबरेल तेलात त्याहून बरीच जास्त असते. पण हा तपशील पिशवीच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, ज्याला हवा त्याला वाचता येतो. नागरिकांच्या दृष्टीचा व्यायाम व्हावा, असाच त्यामागे हेतू असणार.

साजूक तुपाचा पक्ष वेगळ्या सन्मानाला पात्र आहे. काही दशकांपूर्वी सारे स्निग्ध पदार्थ सरसकट गुन्हेगार ठरवले गेले, तेव्हा तुपावर अन्याय झाला, हे खरे आहे. चरबी काढलेल्या बिस्किटांत साखर आणि मैदा भरून ती आरोग्याच्या नावाने विकली गेली, आणि संपृक्त चरबीची जागा साखर-मैद्याने घेतली तर हृदयाला काही फायदा होत नाही, हेही पुढे स्पष्ट झाले. 1967 मध्ये हृदयरोगाचा रोख चरबीकडे वळवणारा एक आढावा हार्वर्डच्या संशोधकांनी लिहिला होता. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संघटनेने पैसे दिले होते, हे 2016 मध्ये उघड झाले. या साऱ्यातून तुपाच्या पक्षाने काढलेला निष्कर्ष मात्र स्वतंत्र बुद्धीचा आहे: तूप निर्दोष सुटले, म्हणून ते कितीही खावे. तुपातला साठ टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त चरबीचा असतो, आणि त्या जागी असंपृक्त तेले आली की एलडीएल उतरते, हे निष्कर्ष आजही उभे आहेत. पण तूप वजन घटवते, असे सांगणारा निरोप मोबाइलवर रोज सकाळी येतो, आणि संशोधन अहवाल रोज सकाळी येत नाहीत.

दुसऱ्या टोकाला 'डाएट चिवडा' आहे. त्याच्या नावातच पथ्य असल्यामुळे खाणाऱ्याला पथ्य पाळावे लागत नाही. एरवी वाटीभरावर थांबणारा माणूस डाएट चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसतो. पातळ पोह्यांना लागलेले तेल, शेंगदाणे आणि पिठीसाखर यांचा हिशेब नावाने आधीच चुकता केलेला असतो. तुपाचा पक्ष आणि डाएटचा पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. पण दोघांनीही वाटी मापायची नाही, हे न ठरवता ठरवले आहे.

आपल्या धीराचा सर्वांत मोठा दाखला वनस्पती तुपाच्या इतिहासात आहे. विल्हेल्म नॉरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 मध्ये द्रव तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. 1932 पासून मुंबईत शिवडीला वनस्पतीचे उत्पादन सुरू झाले, आणि डालडा हे नाव पुढे इतके रुळले की कोणत्याही कंपनीच्या वनस्पतीला लोक डालडाच म्हणू लागले. हे स्वस्त तूप महाग तुपात मिसळले जाऊ नये म्हणून सरकारने त्यात 5 टक्के तिळाचे तेल घालणे सक्तीचे केले. बॉदुआँ चाचणीत तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि तुपातली भेसळ पकडता येते. तुपाची शुद्धता सांभाळण्याची एवढी चोख व्यवस्था आपण केली. वनस्पती खाणाऱ्याच्या धमन्यांसाठी मात्र तशी तातडी कोणाला वाटली नाही.

अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होते. ते एलडीएल वाढवते आणि उपकारक एचडीएल घटवते, असे नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान यांनी 1990 मध्ये दाखवून दिले. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर 2 टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत 2021 मध्ये 3 टक्क्यांवर आणि जानेवारी 2022 मध्ये 2 टक्क्यांवर आली. 1990 ते 2022 या बत्तीस वर्षांत खारी, टोस्ट, नानकटाई आणि क्रीम बिस्किटे खात एक पिढी मोठी झाली आणि तिला मुलेही झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने ट्रान्स फॅटमुळे जगभरात दरवर्षी पाच लाखांवर माणसे हृदयविकाराने मरत होती. घाईघाईने निर्णय घेतल्याचा आरोप आपल्यावर कोणी करू शकणार नाही.

स्वदेशीच्या आघाडीवरही आपण उदार झालो. सोलापूर आणि मराठवाड्याच्या काळ्या रानात कोरडवाहू करडई उभी राहायची. थोड्या ओलाव्यावर येणारे हे पीक. त्याचे तेल मुख्यतः असंपृक्त. काट्यांमुळे काढणी अवघड, म्हणून फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्यांचे वाणही दिले. जवसाच्या चटणीत ओमेगा-3 गटातले स्निग्धाम्ल भरपूर होते, आणि कारळ्याची चटणी भाकरीबरोबर रोजची होती. 1986 मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान अभियान सुरू झाले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस देशाची तेलाची आयात अगदी थोड्यावर आली. मग आपण हे यश बाजूला ठेवले. आज गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते, त्यात सर्वांत मोठा वाटा पाम तेलाचा. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, त्यापाठोपाठ इंडोनेशियाने एप्रिलअखेरीस पाम तेलाची निर्यात जवळपास महिनाभर रोखली, आणि कोल्हापूरच्या वडेवाल्यालाही जागतिक राजकारण कळू लागले. एवढे व्यापक भूगोलाचे शिक्षण करडईने कधीच दिले नसते.

तळणीच्या कढईविषयी चार शब्द लिहिले नाहीत तर हा गौरव अपुरा राहील. तेल पुन्हा पुन्हा तापले की त्याचे विघटन होऊन त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. ती 25 टक्क्यांवर गेली की तेल खाण्यास अयोग्य, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जुलै 2018 पासून लागू केला. असे तेल गोळा करून त्याचे बायोडिझेल करण्याची योजनाही त्याच वर्षी आली. म्हणजे हे तेल इंजिनाला चालते, हे शासनाने मान्य केले आहे. आपण त्याहून पुढे जाऊन ते माणसालाही चालते असे गृहीत धरले. काळपट, फेसाळ, घट्ट झालेले तेल पदार्थातून नीट निथळत नाही, त्यामुळे तळणारा काटकसर करतो आणि खाणाऱ्याला अधिक मिळते. घरोघरीही दिवाळीच्या चकल्यांचे तेल बरणीत भरून तुळशीच्या लग्नापर्यंत भाजीला पुरवले जाते. काहीच फेकू नये, ही आजीची शिकवण आपण नेमक्या त्या एका वस्तूवर लागू केली जी फेकायला हवी होती.

या सगळ्याचा जमाखर्च शरीर कसा मांडते, याचे एक चित्र पुण्यातून जगापुढे गेले. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र 2004 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापले गेले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स एकच, 22.3. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे 9.1 टक्के आणि याज्ञिक यांचे 21.2 टक्के. अंगकाठी बारीक दिसूनही भारतीय माणूस आत चरबी बाळगतो, विशेषतः पोटात, हे त्या एका चित्राने सांगितले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशातल्या 39.5 टक्के प्रौढांना पोटाचा स्थूलपणा आहे आणि 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह. वजनकाट्यावर उभे राहून समाधानाने उतरणाऱ्यांच्या आनंदात मात्र या आकड्यांनी व्यत्यय आणलेला नाही.

सरकारने प्रयत्न केला नाही, असेही नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये पंतप्रधानांनी दरमहा 10 टक्के कमी तेल विकत घेण्याचे आवाहन केले. आवाहन सगळ्यांनी मनापासून स्वीकारले. अडचण एवढीच की आधी किती आणत होतो, हे माहीत असल्याशिवाय त्याचा दहावा हिस्सा काढता येत नाही. जूनमध्ये आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल आणि साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावण्याची सूचना केली. नागपूरचे नाव घेत समोसा-जिलेबीवर धोक्याचे इशारे येणार, अशी बातमी पसरली. देश खडबडून जागा झाला. विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापण्याचा कोणताही आदेश नाही, असा खुलासा शासनाला करावा लागला. एका फलकावर एका समोशातले तेल किती, एवढेच लिहिले जाणार होते. ते आकडे डोळ्यांसमोर येऊ नयेत म्हणून आपण जी तत्परता दाखवली, ती पाणीटंचाईत किंवा रस्त्यांवरच्या खड्ड्यांसाठी क्वचितच दिसते.

गौरव इथे थांबवतो, कारण ज्यांच्यासाठी तो लिहिला ती माणसे आपलीच आहेत. चाळिशीत छातीत कळ येऊन रुग्णालयात दाखल होणारा माणूस घराचा कर्ता असतो. त्याची मुले शाळेत असतात, घराचे हप्ते अर्धे राहिलेले असतात. त्याने तेल बदलले होते. सकाळी चालतही होता. त्याला कोणीही खोटे सांगितले नव्हते. फक्त दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांत मिसळून दिली होती. तेल कोणते, याचे उत्तर हृदयासाठी महत्त्वाचे आहे: ट्रान्स फॅट नको, संपृक्त चरबी मर्यादित, असंपृक्त तेले आणि तेलबिया अधिक, तापवून काळे पडलेले तेल अजिबात नको. तेल किती, याचे उत्तर वजनासाठी महत्त्वाचे आहे, आणि त्या उत्तरात कोणत्याही तेलाला सवलत नाही. पहिल्या प्रश्नाचे पैसे भरून दुसरा फिटत नाही.

यासाठी तुपाशी वैर धरायचे कारण नाही. वरणभातावर चमचाभर तूप घालावे, ते चमचाभर असावे. शेंगदाणा तेल आवडत असेल तर तेच वापरावे, जवस-कारळ्याची चटणी पुन्हा ताटात घ्यावी, वडा खावासा वाटला तर जिथले तेल स्वच्छ आहे तिथे खावा. माया दाखवायला पळीखेरीज दुसरी साधने आपल्याकडे आहेत. आणि या महिन्याच्या किराण्याच्या यादीत तेलाच्या नावापुढे कंपनी लिहिण्याआधी घरात खाणारी तोंडे किती आहेत ते मोजावे, दर मोठ्या माणसामागे तूप-लोणी धरून पाऊण ते एक किलो हा हिशेब मांडावा, आणि जो आकडा येईल तेवढेच घरात आणावे.